मिरचीचं देठ

भिवापूरच्या अलीकडे, जिथे वळणावर ठसका लागतो
आणि कळतं की सातरा आला,
तिथे कवडूजी बांते मास्तर
निवृत्तीनंतर देव सिद्ध करत बसले होते.

भक्तीनं नव्हे. पोथी बहिणीला देऊन टाकलेली.
नवस, दृष्टान्त, अंगात येणं, सगळं फळ्याबाहेर.
"त्रिकोनाले कोनी उदबत्ती लावते का?
तरी बेरीज एकशेऐंशीच होते ना?
तसा पाहिजे मले."

शंभर पानी वही. समास सोडून, शाईनं.

मी सातवीत. माझं काम वाटी नेण्याचं.
मास्तरांचं दही बिघडलं की भोयरांकडून विरजण,
भोयरांचं संपलं की ठवकरांकडून.
एकदा वाटी अर्ध्यावरच थांबवून म्हणाले,
"हे दही कशापासून? कालच्यापासून.
कालचं परवाच्यापासून.
ठवकरीणबाईनं पवनीहून आणलं, माहेरून,
तिच्या मायनं अजून कोणापासून.
जा मागं, जा.
कुठंतरी एक दही असलंच पाहिजे
ज्याले कोनाचंच विरजण लागलं नाही.
नाही तर साऱ्या गावात नुसतं दूध राहिलं असतं!"
खाली दोन रेघा. इति सिद्धम्.
मला त्या दिवशी दही खाताना
उगाच जपून खावंसं वाटलं.

मग एका संध्याकाळी आळीत कुणाकडेच दही नव्हतं.
एकाच दिवशी सगळ्यांचं संपावं, असंही होतं.
मी रिकामी वाटी घेऊन आलो तर ओसरीवर
सायत्राबाई फुलझेले, सातऱ्यावरून थेट,
दोन्ही हात पुढे धरून, फुंकत.
दिवसभर मिरच्यांचे मुक्के तोडले की
तळव्यांची आग दह्याशिवाय जात नाही.
तिच्या घरी देव्हारा नाही, आजोबांच्या काळापासून.

मास्तरांनी तिला आधी सिद्धता ऐकवली.
आग होत असलेल्या बाईला.
तिनं ऐकली. मग लुगड्याला चिकटलेलं
एक देठ काढलं, दुसरं केसांतून.
"कोमट दुधात टाका. झाका. सकाळी पाहा."
"विरजण?"
"हेच."
"अन् या देठाले कोनाचं लागलं?"
"मले का माहीत. तोडाचं अन् फेकाचं. किलोवर पैसे."
हातांना खोबरेल लावून ती गेली.

मास्तर त्या रात्री झोपले नाहीत.
दुसरीच सिद्धता धरली, दह्यादुधाशिवायची, निव्वळ मनातली :
ज्याहून पूर्ण काही कल्पिता येत नाही, ते घ्या.
ते नसेल, तर असणाऱ्याहून उणं.
उणं, तर पूर्ण नव्हे.
म्हणून ते आहे.
कंदिलात वाचताना आवाज थरथरला,
आणि मधूनच उठून त्यांनी झाकण उघडलं.
दूध. फक्त दूध, दोन देठं तरंगताहेत.
पुन्हा दोनदा उघडलं. मी मोजलं.

सकाळी सातऱ्याच्या वाटेवर सायत्राबाईला गाठून
हीही सिद्धता सांगितली. ती चालतच राहिली.
"मास्तर, काट्यावर मिरची ठेवली
अन् वरून म्हटलं की 'हे आहे',
तं वजन वाढते का?"
मास्तर थांबले. ती पुढे गेली.
लाल ढिगांवर ऊन चढत होतं
आणि दोघांच्या मधल्या हवेत
खोकल्याशिवाय काही नव्हतं.

घरी आलो. वाटी उघडली.
लागलं होतं. जरा पातळ, कडेनं पाणी सुटलेलं,
मध्ये देठ रुतलेलं, सरळ, खुंटीसारखं.

मास्तरांनी पहिल्या सिद्धतेवर काट मारली नाही.
समासात फक्त लिहिलं : देठ?
मग अर्धी वाटी बाजूला काढून ठेवली,
सातरा सुटेल तेव्हासाठी.
उरलेल्यात साखर न घालता बोट बुडवलं.
"तिखट लागते का गा?" मला विचारलं.
मी चाखलं.
नाही लागलं.
मास्तरांना मात्र लागलं, म्हणाले, किंचित,
अगदी शेवटी, गिळल्यावर.